तुमच्या लोकांत चालतो

माझ्या आईचा फॉर्म साहेबांनी माझ्यासमोर खालच्या खणात टाकला. ती माझी आई, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त पत्ता वाचला.

"ही वस्ती आपला कस्टमर नाही. पाव किलो साखर घेणार आणि तासभर एसीची हवा खाणार."

अंबरनाथचा नवा स्वस्त मॉल तो. सवलतीच्या कार्डाचे फॉर्म लावायचं काम माझं. सोसायट्या, बंगले, ऑफिसर क्वार्टर्स वरच्या खणात. त्यांचं कार्ड घरपोच. खालचा खण शनिवारी रद्दीत. मी बी.कॉम., घरातली पहिली. तरी तोंड उघडलं नाही. पगार हवा होता. आई रोज विचारायची, "माझं कार्ड कधी येतंय गं?"

"येईल."

महिनाभर हे खोटं बोलले. मग उल्हासनगरात दुसऱ्या कंपनीचं दुकान उघडलं, तिकडे गेले. तिथे ना एसी, ना कार्ड. दारातच गोण्या. म्हणे गरिबांचं दुकान. मॅनेजरने पहिल्याच दिवशी 'मॅडम' म्हटलं, कटिंग चहा मागवला. तेव्हाच खटकलं. एवढा मान कोणी फुकट देत नाही.

जयंतीच्या आठवड्यात त्याने निळ्या पत्रकांचा गठ्ठा पुढे केला. वर 'जय भीम', खाली तांदळाचा भाव.

"मॅडम, आपके विहार के बाहर आप ही खड़े रहना. आपको देखके लोग भरोसा करेंगे."

मी त्या तांदळाच्या गोणीत हात घातला. कणी, खडे, कुबट वास. आतल्या फळीवर चांगला तांदूळ होता.

"पत्रकावर तो का नाही?"

"अरे, आपके लोगों में ये चलता है."

हसत बोलला. वाईट बोलतोय असं त्याला वाटलंही नाही. म्हणून जास्त लागलं. तिकडे आम्ही दारात नको होतो. इकडे हवे होतो, कारण आम्ही काहीही गिळू.

पत्रकांना हात लावला नाही. त्याच गोणीतला किलोभर तांदूळ विकत घेतला आणि संध्याकाळी विहारात, महिला मंडळाच्या बैठकीत, ताटात ओतला. सगळं सांगितलं. खालच्या खणाचंही, आईच्या देखत.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोंबड्या समजतो का गं आपल्याला, कणी टिपायला?"

बाया हसल्या. आई हसली नाही.

"तुला माहीत होतं आणि मला येईल-येईल म्हणत होतीस," एवढंच म्हणाली.

मी ताटातली कणी परत पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, "विहाराबाहेर मी उभी राहणार नाही. माझं तोंड तुमच्या मालाची जाहिरात नाही." नोकरी गेली. जाऊ दे.

आता कोणी दुकानदार 'जय भीम' करत पुढे आला, की मी जय भीम घेते आणि आधी माल दाखवायला लावते. आणि पत्ता वाचून माणसं वेगळी काढणारा पुन्हा भेटला, तर तिथेच, सगळ्यांसमोर सांगेन, मी त्याच वस्तीतली. पगार गेला तरी.