गेटपाशी थांबलेली स्कूटर

माझी नात सई कामावरून आली की लगेच वर येत नाही. गेटपाशी स्कूटरवर हेल्मेटसकट बसून राहते. न बोलणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन ती त्यांच्या वागण्यावर काम करते. कुणी चावतं, कुणी केस ओढतं. ते सगळं खाली सोडूनच वर यायचं, असा तिचा नियम. मी शिक्षिका होते तेव्हा अख्खी शाळा घरी आणायची. काय माझा तोरा! नवरा बिचारा हात वर करून आमटी मागायचा.

काम अंगाला चिकटतंच; ते हलकेच सोडवायचं असतं, हे या पोरीला किती लवकर उमगलं!

आज मात्र ती फारच वेळ बसली. एक छोटी काही केल्या पाणी मागायला शिकत नव्हती, आणि तिची आई आता सईचं येणं बंद करायच्या बेतात होती. मी गॅलरीतून ओरडले, "सई, रडतेस की काय गं?"

तिने हेल्मेट काढलं. डोळे ओले, पण तोंडभर हसू. "आजी, तिने आज ग्लासकडे बोट दाखवलं! तिची आई म्हणाली, उद्याही या."

"अगं, मग हे कशाला खाली सोडतेस? हे वर घेऊन ये!"

शेजारीपाजारी गॅलऱ्यांत आले. बघू देत. नात माझी आहे.