परदेशस्थांचे तालुकाध्यक्ष

कोऱ्हाळे बुद्रुकचे सर्जेराव आबा परदेशात राहणाऱ्या नागरिकांचे प्रतिनिधी झाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा पासपोर्टही नव्हता. पक्षाच्या बैठकीत सगळी पदं वाटून झाली होती. शेतकरी आघाडी गेली, सहकार आघाडी गेली, माजी सैनिकांची आघाडी तर कधी एनसीसीतही नसलेल्या माणसाला गेली. आबांचं तोंड उतरलेलं बघून कुणीतरी जागच्या जागी ‘परदेशस्थ नागरिक संपर्क आघाडी’ काढली आणि आबा तिचे तालुकाध्यक्ष झाले. पुतण्या अमेरिकेत असतो, एवढी पात्रता पुरली.

माझं गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. आबांचं लेटरहेड मीच छापलं. वर पृथ्वीचा गोल, गोलावर विमान आणि विमानापेक्षा मोठे आबा.

आबांची खरी विद्या वेगळीच. कारखाना असो, सोसायटी असो, नाहीतर ग्रामपंचायत; बाहेरगावी राहणारे मतदार मतदानाला आणायचं काम ते तीस वर्षं करत आलेत. हडपसर, भोसरी, पनवेल, सगळीकडे जीप जायची. माणूस आणायचा, मटण खाऊ घालायचं, मत टाकून घ्यायचं आणि परत नेऊन सोडायचं. मधल्या पाच वर्षांत तो माणूस मेला की जगला, याची चौकशी नाही. परदेश हेही आबांच्या लेखी पनवेलच्या थोडं पुढचं गाव होतं. तिथवर जीप जात नाही, एवढाच काय तो फरक.

पद मिळाल्याबरोबर आबांनी मंगल कार्यालयात परदेशस्थांचा स्नेहमेळावा भरवला. परदेशातून अर्थातच कुणी आलं नाही. मग त्यांच्या आईबापांनाच शाल-नारळ दिले. पुतण्याला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल माइकला धरला. ‘काका, आवाज येतोय का?’ असं तो चार वेळा म्हणाला आणि चारही वेळा टाळ्या पडल्या.

याच मेळाव्यात प्रयागबाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा युवराज वालचंदनगरला वेल्डिंगचं काम शिकला आणि एका ठेकेदारामार्फत मस्कतला गेला. दोन वर्षांचा करार संपला तरी ठेकेदार त्याचा पासपोर्ट देईना. पासपोर्ट नाही म्हणून पोराला घरी येता येईना. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘आपला माणूस सातासमुद्रापार, आबा सदैव पाठीशी’. बाईंनी ते खरं मानलं.

आबांनी लगेच मला पत्र सांगितलं. ‘मा. मॅनेजरसाहेब, मस्कत, यांसी. सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून त्याचे काम प्राधान्याने करावे.’ बँकेला आणि एसटी डेपोला ते हेच पत्र देतात. मी म्हणालो, ‘आबा, तिकडं मराठी कोण वाचणार?’

‘सही-शिक्का वाचतील की,’ आबा म्हणाले.

पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं. पोचपावती आली नाही. प्रयागबाईंनी आठ महिने आबांचा उंबरा झिजवला. दर वेळी त्यांना चहा मिळायचा आणि ‘पाठपुरावा चालू हाय, वहिनी’ एवढं ऐकायला मिळायचं. पक्षाचे जिल्ह्याचे सरचिटणीस बापूसाहेब यांचा मेहुणा दिल्लीत परराष्ट्र खात्यात होता. त्यांना एक फोन करा, असं मी आबांना दोनदा सुचवलं. ‘असल्या बारक्या कामाला बापूसाहेबांना कशाला तरास?’ आबा म्हणाले. मला चीड आली, पण मी गप्प बसलो. माझी निम्मी छपाई आबांची असते.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आबांची सून स्वरूपा तीन नंबरच्या वॉर्डात उभी राहिली. मागच्या वेळी ती जागा दोन मतांनी गेली होती. एक दिवस मी आबांच्या ओसरीवर पत्रकांचा मजकूर घेत बसलो असताना प्रयागबाई आल्या. या वेळी त्या रडल्या नाहीत.

‘आबा, आमच्या युवराजचं मत तुमच्याच वॉर्डात हाय. तो आला तर सूनबाईलाच देईल.’

आबा खुर्चीत सरळ झाले.

‘यादी बघू का?’ मी विचारलं.

‘यादी मला तोंडपाठ हाय,’ आबा म्हणाले. ‘अनुक्रमांक चारशे बारा.’ आणि त्यांनी तिथल्या तिथं बापूसाहेबांना फोन लावला.

फोन चार मिनिटांचा झाला. बापूसाहेबांनी मेहुण्याला सांगितलं, मेहुण्यानं मस्कतच्या वकिलातीला कळवलं, वकिलातीनं ठेकेदाराला बोलावून घेतलं. बाराव्या दिवशी पासपोर्ट युवराजच्या हातात होता. मतदानाच्या आदल्या दिवशी तो मुंबईला उतरला तेव्हा विमानतळाबाहेर आबांची जीप उभी होती.

सकाळी शाळेतल्या मतदान केंद्रावर आबा त्याला हार घालूनच घेऊन आले. अधिकाऱ्यानं यादी चाळली, पुन्हा चाळली. युवराजचं नाव नव्हतं.

तेव्हा कुठं मला आठवलं आणि माझी मान खाली गेली. तीन नंबरची जागा बाहेर राहणाऱ्यांनी विरोधकांना मतं दिल्यानंच गेली, असा हिशेब करून दोन वर्षांपूर्वी आबांनी एकसष्ट नावांवर ‘गावात राहत नाहीत’ अशी हरकत घेतली होती. ते अर्ज मीच भरले. आबांना तोंडपाठ होती ती त्याआधीची यादी.

आबा ताडताड बाहेर आले. प्रयागबाई वऱ्हांड्यात उभ्या होत्या.

‘वहिनी, नाव न्हाय यादीत! तुमाला ठावं हुतं?’

‘व्हय. तुमी कापलं तवाच कळलं हुतं.’

‘मग मला फसवलं की तुमी!’

‘फसवलं,’ प्रयागबाई म्हणाल्या. ‘आता तुमी सांगा. मत हाय असं म्हणले नसते, तर तुमी त्यो फोन केला असता?’

आजूबाजूची माणसं ऐकत होती. आबांना उत्तरं सुचतात. तीस वर्षं त्यांनी तेच केलंय. त्यांनी युवराजकडं पाहिलं. पोरगं पार वाळून गेलं होतं, हार त्याच्या गळ्यात सैल लोंबत होता.

‘न्हाय,’ आबा म्हणाले. ‘नसता केला.’