मामांची सुखरूप

साऱ्या मावळ तालुक्यात सरळ रेषेत चालणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा धाकटा मामा आहे. बाकी आमच्याकडे सगळं वाकडं. डोंगर वाकडे, इंद्रायणी वाकडी, घाटातला रस्ता वाकडा, आणि जमिनीच्या एजंटांचं बोलणं तर विचारूच नका. पण मामा कान्हे स्टेशनावर उतरून घराकडे निघाले की नाकासमोर निघतात. मध्ये कुणाचं भाताचं खाचर आलं तर बांधावरून काटकोनात वळतात, वळताना टाच आपटतात आणि त्या आवाजानं बांधावरचे बेडूक पटापट पाण्यात उड्या घेतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्या टाचांपर्यंत पोचलेली नाही. माझ्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे, तरी मी त्यांच्यासमोर पोट आत घेऊनच उभा राहतो.

त्यांच्या अंगणातला प्रत्येक दगड खाली गेरू आणि वर चुना असा नटलेला असतो. आंब्याचं खोड कमरेपर्यंत पांढरं, फणसाचं पांढरं, विजेचा खांब पांढरा. एकदा गोठ्यातली म्हैस अंमळ जास्त वेळ स्तब्ध उभी राहिली तर मामा बादली आणि कुंचा घेऊन तिच्याही पायाशी बसले. "अवं, ती म्हस हाय, झाड न्हाई!" मामी आतून ओरडल्या म्हणून ती वाचली. मावळात लोकांना चुना लावणारे पुष्कळ आहेत, डोंगराच्या कुशीत प्लॉट घ्यायला आलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारा. पण खरोखरचा चुना लावणारे मामा एकटेच. भाताच्या लावणीला ते दोरी धरून उभे राहतात आणि चिखलात वाकलेल्या बायकांना "दाहिने सज!" असा उजवीकडे बघून रांग सरळ करायचा हुकूम सोडतात. बायका हसून हसून तिथेच बसकण मारतात. "मामा, हे भात हाय, पलटण न्हाई," एक म्हणाली. मामा शांतपणे म्हणाले, "म्हनून तर दर साली तुमचं भात आडवं पडतंय. त्याला सावधान कुनी शिकवलंच न्हाई."

पावसाळ्यात मुंबईची मंडळी रस्ता चुकून त्यांच्या दारात गाडी थांबवतात, तेव्हा तर मी मुद्दाम खुर्ची ओढून बसतो. "अंकल, लोनावला किधर?" असं कुणी विचारलं की मामा हात लांब करून दोन बोटं डोळ्यांसमोर धरतात. "सामने देखो. एक बजे की लाइन में अकेला पेड. पेड से दो उंगल बायें, खंडहर. खंडहर के पीछे आपका लोनावला." शिपायाला हे ऐकून गोळी अचूक मारता येत असेल, पण गाडी अचूक नेता येत नाही. एक कुटुंब त्या एकट्या झाडाच्या शोधात थेट उर्सेच्या टोलनाक्यावर निघालं. आता उर्से कुठे, लोणावळा कुठे! मी हे मामांना सांगितलं तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्यांनी झाड कंचं धरलं व्हतं?"

ह्या सगळ्या तऱ्हांमध्ये आणखी एक तऱ्हा होती. तिची कुणी वेगळी नोंदसुद्धा घेतली नव्हती. मामांना एकच मुलगी, प्रणाली. सगळं गाव तिला प्रणू म्हणतं. मामा मात्र तिला सुखरूप म्हणत. दिवस मावळला की बांधावर उभे राहून खणखणीत आवाजात "सुखरूऽप!" अशी हाक, आणि पोरगी असेल तिथून पळत यायची. नव्या माणसाला वाटायचं, सीमेवरची खबर वरिष्ठांना कळवताहेत. आम्हाला वाटायचं, जो माणूस म्हशीला चुना लावतो तो मुलीला काहीही म्हणेल.

ह्या हाकेचा उलगडा झाला दोन वर्षांपूर्वी, पुण्यातल्या माजी सैनिकांच्या कार्यालयात.

प्रणालीला इंजिनिअर व्हायचं होतं. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तिनं चांगले मार्क मिळवले होते, पण सरकारी कॉलेजातली खुली जागा थोडक्यात हुकत होती. माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागेतून मात्र ती बसत होती, आणि पुढे शिष्यवृत्तीही मिळणार होती. फक्त माजी सैनिकांच्या कार्यालयाचा दाखला हवा, तोही दोन दिवसांत. खाजगी कॉलेज मामांच्या पेन्शनीला झेपणारं नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणी आधीच नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या. कंपनीची बस सकाळी त्यांना न्यायला यायची. "दाजी, मलापन जायचंय त्या कंपनीत," प्रणाली मला म्हणाली होती. "पन खोकी बांधायला न्हाई. खोक्यात जातं ते बनवायला."

तर आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. तिघं नव्हे, चौघं. मामांची काळी पत्र्याची ट्रंक बरोबर होती. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव, आत त्यांचं सगळं फौजी आयुष्य. मामांनी ट्रंकेला सीटबेल्ट लावला आणि स्वतः तसेच बसले.

कार्यालयातले साहेबही निवृत्त सुभेदार होते. मामांची टाच वाजली तशी त्यांची खुर्चीतल्या खुर्चीत वाजली. कागद बघता बघता ते थांबले.

"हवालदार, तुमच्या रेकॉर्डला मुलीचं नाव सुखरूप आहे."

"व्हय साहेब."

"अर्जात प्रणाली आहे. ही कोण?"

"तीच साहेब. शाळेत प्रणाली. फौजेत सुखरूप."

प्रणाली बापाकडे बघतच राहिली. मीही. साहेबांनी चष्मा काढला. "नीट सांगा."

मामांनी सांगितलं. ते त्या वेळी बर्फात, अगदी वरच्या चौकीवर होते. मामींची वेळ भरली होती, बाळ आडवं असल्याची खबर शेवटची आली होती आणि मग वादळानं लाइन बंद पडली. पुढचे काही दिवस मामांनी घास घेतला तो नुसता चावत राहिले. मग एकदाचा खालून फोन आला, "लडकी हुई है. दोनों ठीक हैं." मामांच्या कानांवर लोकरीची टोपी, वर वारं. खालच्या कारकुनानं लगोलग नोंदीसाठी विचारलं, "बच्ची का नाम?" मामांना ऐकू आलं, "बच्ची का हाल?" त्यांना वाटलं, फौजी रीतीनं मिळालेली खबर परत म्हणून दाखवायची आहे, आणि मामा डोंगर हादरेल असे ओरडले, "सुखरूप साब! सुखरूप!"

"कारकून पंजाबी व्हता," मामा म्हणाले. "म्हनला, बडा सोणा नाम है. आन् लिवलं."

सगळं कार्यालय हसलं. शिपाई हसला, रांगेतली म्हातारी वीरपत्नी तोंडाला पदर लावून हसली. "अहो, मग नंतर दुरुस्त का नाही केलं?" साहेबांनी विचारलं.

"सुट्टीवर आलो तवर बहिनीनं बारशाला प्रणाली ठेवलं व्हतं. आत्याचा मान, तिला कसं मोडायचं? आन् फौजेला कसं सांगायचं, की मला ऐकू आलं न्हाई? सेंट्री डूटी व्हती माझी."

साहेब म्हणाले, रेकॉर्डची दुरुस्ती सावकाश होईल, तोवर एक प्रतिज्ञापत्र द्या, त्यावर मी दाखला देतो. समोरच्या टायपिस्टानं ते करूनही आणलं. मामांनी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. त्यात लिहिलं होतं, 'सैन्यदलातील नोंद चुकीची आहे.'

"ह्याच्यावर मी सही करनार न्हाई."

"अहो मामा!" मी म्हणालो.

"जावईबापू, फौजेनं चूक केली न्हाई. मी सांगितलं ते तिनं लिवलं. चुकला माझा कान. मी खोटी सही कशी करू? त्यापरास पोरीचं नाव बदलू. दहावी-बारावीच्या कागदावर सुखरूप करून घिऊ. गॅझेटात देऊ."

"गॅझेट यायला महिने लागतील!" मी ओरडलो. "जागा परवा जाईल!" मामा सावधानमध्ये उभे. हनुवटी वर, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर. मला दिसली ती नवलाख उंबऱ्याची बस. मी मनातल्या मनात मामांना म्हशीच्या शेजारी बांधून चुना फासला. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडली नाही. तिनं तो कागद उचलला, टायपिस्टाकडे गेली, काहीतरी बोलली, आणि नवा कागद घेऊन बापासमोर उभी राहिली.

"आता वाचा, हवालदारसाहेब."

मामांनी वाचलं. 'माझी मुलगी प्रणाली ऊर्फ सुखरूप. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.'

"आत्याचंबी खरं आन् फौजेचंबी खरं," ती म्हणाली. "दोन्ही नावं माझीच हायती, आबा. जल्मापासनं."

"ऊर्फ," मामा म्हणाले. मग पुन्हा, लाडू तोंडात घोळवावा तसं, "ऊर्फ. लय चांगला शब्द हाय." आणि सही ठोकली. साहेबांनी दाखल्यावर शिक्का मारला, तो आवाज मला आजवर ऐकलेल्या कुठल्याही सनईपेक्षा गोड वाटला. मामांनी सलाम केला, बाहेर आले, ट्रंकेवर बसले, टोपी काढली आणि स्वतःलाच हळूच म्हणाले, "विश्राम." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले. परतताना सोमाटणे फाट्यावर आम्ही भजी खाल्ली. मामांनी पहिलं भजं ट्रंकेवर ठेवलं.

जागा मिळाली. प्रणाली पुण्याला वसतिगृहात गेली तेव्हा ती ट्रंक तिच्याबरोबर गेली. मामांनी ट्रंकेवरचं आपलं नाव खरवडून पांढऱ्या रंगात लेकीची दोन्ही नावं घातली होती. 'ऊर्फ'ची अक्षरं जरा जास्तच मोठी झाली होती.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. दिवस मावळला तसे मामा उठले, सवयीनं बांधावर गेले आणि हाक मारली, "सुखरूऽप!" खाचरापलीकडून कुणी पळत आलं नाही. बेडूक तेवढे उडाले. मामी चुलीपासून म्हणाल्या, "अवं, कुनाला बलिवताय?" पण त्यांच्याही आवाजात नेहमीची धार नव्हती.

तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. चष्मा घरात होता. फोन हात लांब करून, बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे धरून पाहिला, आणि शेवटी माझ्याकडे दिला. प्रणालीचा निरोप होता. मी वाचून दाखवला, "पोचले. सुखरूप."

मामांनी फोन परत घेतला आणि पुन्हा हात लांब करून पाहिला.

"जावईबापू, त्ये शेवटचं हाय त्ये तिनं नाव लिवलंय का हाल?"

"ऊर्फ, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, फोन खिशात ठेवला, आणि घराकडे निघाले. बांध संपला तिथे ते काटकोनात वळले नाहीत. टाचही वाजली नाही. साध्या माणसासारखे, थोडे वाकडे चालत गेले.