आक्काची चल्लस

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आक्काला फसवलं. खेळात हरलेली गाय तिला दिली नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे 'घरातली गोष्ट घरात ठेव' म्हणून मला मध्येच कुणी गप्प करायला नको.

आक्का माझी थोरली बहीण. हरल्यावर ती जशी उठायची तसं उठणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. पेडगावच्या आमच्या घरात ओसरीच्या फरशीवर कोळशानं चल्लसचा पट आखलेला असायचा. पाच घरं आडवी, पाच उभी, सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे, आणि टाकायला फोडलेले चिंचोके. घरची कामं या पटावर वाटली जायची. हरेल त्यानं गोठ्यातलं शेण काढायचं, नाहीतर आडाचं पाणी शेंदायचं. थोरला दादा हरला की त्याला नेमकं शेतात काम निघायचं. माझं पोट दुखायचं. आक्का मात्र चिंचोके थांबायच्या आत परकर खोचून पाटी उचलायची. "हरलं की उठायचं," म्हणायची. "बसून ऱ्हायलं की हार अंगाला चिटकती."

घासाघीस मी तिच्याकडूनच शिकले. बाजारात ती भाव सगळ्यात शेवटी विचारायची. वांगं हातात घेऊन उलटं-पालटं करायची, देठाकडं बघून उसासा टाकायची आणि खाली ठेवायची. बाई निघाली असं वाटून विकणारा स्वतःच भाव उतरवायचा. एकदा एका म्हाताऱ्याला मी काहीतरी टाकून बोलले, तर परत येताना वाटभर बोलणी खाल्ली. "मालाला नावं ठेवावं, मालकाला न्हाई. त्याला घरी तोंड दाखवायचं असतंय." आज सेलूत माझं साड्यांचं दुकान आहे, कुणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. माझा आवाज चढतो, समोरच्याचा अपमान होतो, तेव्हा ते वाक्य आठवतं. आठवतं उशिरा, ही गोष्ट वेगळी.

तर ती नागपंचमी. पुरणाचे दिंड खाऊन अण्णा खुशीत होते आणि आक्काशी खेळायला बसले होते. आमची मोरी गाय तेव्हा गाभण होती. दादानं मुद्दाम काडी टाकली, "अण्णा, शेणाच्या पाटीवर काय खेळायलाव? लावा की काही मोठं." अण्णा म्हणाले, हरलो तर मोरीच्या पोटात हाय ते तुझं.

आक्कानं चिंचोके मुठीतच धरून ठेवले. "कालवड झाली तरी?"

"कालवड झाली तरी. जबान हाय माझी."

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, मी आक्काला चिकटून बसले होते. आम्हा सगळ्यांच्या देखत अण्णा हरले. ते उठले नाहीत, नुसते हसले.

मोरीला कालवडच झाली. पांढरी, कपाळावर तांबडा ठिपका. आक्कानं तिचं नाव चल्लस ठेवलं. गल्लीतली माणसं हसली, पण नाव मोठ्या हिशेबानं ठेवलेलं होतं. अण्णांनी गाईला हाक मारली की आपण काय हरलो ते त्यांच्याच तोंडून निघायचं. चल्लसचं सगळं आक्काच करायची. गोचिड्या काढायची, पोळ्याला बैलांच्या बरोबरीनं तिचीही शिंगं रंगवायची. चल्लसही तिच्या मागं न्हाणीच्या दारापर्यंत जायची.

चार वर्षांनी आक्काचं लग्न पालमला ठरलं. त्याच सुमाराला चल्लस पहिल्यांदा व्याली आणि घरात दुधाची चंगळ झाली. एका सकाळी अण्णांनी तिला 'लक्ष्मी' म्हणून हाक मारली. गाईनं मान वळवली नाही. आक्कानं वळवली. काय होणार ते तिला तेव्हाच कळलं.

पाठवणीच्या वेळी भांडी निघाली, गादी निघाली. गाय निघाली नाही. आक्कानं एकदाच विचारलं. अण्णा पाहुण्यांकडं बघत हसले. "येडी का काय? खेळातलं कुणी खरं धरतंय व्हय?"

"मग इतकी वर्सं मी शेण काढलं," आक्का म्हणाली, "ते बी खेळातलंच व्हतं का?"

आक्का रडली नाही.

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळं एसट्या थांबल्या. दोन दिवसांची माहेरवाशीण पाच दिवस राहिली. चौथ्या दिवशी तिनं स्वतः पट आखला आणि अण्णांना बसवलं. ती हरली. मुद्दाम हरली असं दादा म्हणतो, पण चिंचोके टाकून मुद्दाम कसं हरतात ते त्यानं मला दाखवावं. आक्का उठली. माहेरवाशिणीला बघायला शेजारच्या बायका ओसरीत बसलेल्या. त्यांच्यादेखत तिनं नवं लुगडं खोचलं, पाटी उचलली आणि सगळा गोठा झाडून काढला. आई पाटी धरायला धावली, तर म्हणाली, "सोड आई. अण्णाला दाखवायलेय, हरल्यावर काय करतेत ते."

अण्णा पायताण घालून शेताकडं निघून गेले. गाय मात्र दावणीलाच राहिली.

त्या दिवसापासून आक्का माहेरी कोरा चहा प्यायली. आई दुधाचा चहा पुढं करायची, ती कप सरकवून म्हणायची, "मला कोरा." अण्णा थकले, अंथरुणाला खिळले, तेव्हा ती महिनाभर त्यांची सेवा करायला येऊन राहिली. उशाशी बसून त्यांना दूध पाजायची आणि स्वतः कोरा चहा प्यायची. अण्णा बघत असायचे. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. ते गेले, बोलले नाहीत.

गेल्या वर्षी आक्काही गेली. दहाव्याला दादा चारचौघांत म्हणाला, "लय मानी व्हती माझी बहीण." त्याच्या हातात दुधाचा चहा होता.

दादा, मीही ते दूध प्याले आहे. त्याचं उत्तर माझ्याकडं मागणारी आता उरली नाही, म्हणून ते मी तिच्या लेकीसमोर देऊन आले. आता तू दे. डाव लावा म्हणणारा तूच होतास. अण्णांचं घर तू घेतलंस, शेत घेतलंस, गोठाही घेतलास. त्या गोठ्यात आजही कपाळावर तांबडा ठिपका असलेली कालवड आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आक्काची लेक पालमलाच राहते, घर तुला माहीत आहे. अण्णा हरले होते आणि त्यांच्या जागेवर आता तू बसला आहेस.

ऊठ.