लालकाकांची लाली

आमच्या लालकाकांचा चेहरा बसल्याजागी टोमॅटोसारखा लाल व्हायचा. बोलताबोलता, कधी नुसतं लोणचं चाखलं तरी, छातीपासून कपाळापर्यंत लाली चढायची आणि घटकाभरात उतरायची. पोलीस ॲक्शननंतर हे सुरू झालं. काका मुनशी होते त्या महसूल दफ्तरातल्या लोकांना वाटायचं, स्वारी भडकली! "मुनशीजी, गुस्सा नक्को करो, अब्बीच देतूं फाइल!" काका म्हणजे दुसऱ्याची सुपारीही विचारल्याशिवाय न उचलणारा माणूस. पण त्यांचं काम सगळ्यांत आधी व्हायचं.

मलकपेठेतल्या घरी मात्र या लालीनं घात केला. काकूंची खात्री, की हे येताना गुत्त्यावर सेंदी ढोसतात. संध्याकाळी काका उंबरठ्याशी आले की हुकूम सुटायचा, "आ करा." काकू नाक पुढे करून वास घ्यायच्या. वास कधीच यायचा नाही, तरी काकू म्हणायच्या, "वेलची खाल्ली असेल!" काका मला डोळा मिचकावायचे, "आमच्या दारात करोडगिरीचा जकातनाका आहे बाबा, झडती चुकत नाही." पण हे त्यांना फार लागायचं. एकदा म्हणाले, "मला दुसरं काही नको रे. हिनं एकदा माझं खरं मानावं."

पुढे पोटही बिघडलं. दिवसातून दहादा परसाकडे. भाषावार प्रांतरचनेत राज्याचे तुकडे होऊन दफ्तरातले निम्मे लोक औरंगाबादेला निघाले, त्या वर्षी डॉक्टरांनी पोट उघडलं. यकृतभर गाठी! डॉक्टर म्हणाले, "या दुसरीकडून आल्यात. पहिली गाठ कुठे आहे, ते सापडत नाही. सावकाश वाढतात. चेहरा लाल होतो तो यांच्यामुळेच."

आम्ही हबकलो. काका मात्र खाटेवर उठून बसले. "डॉक्टरसाहेब, ते शेवटचं वाक्य तेवढं कागदावर द्या. सहीशिक्क्यासकट."

तो कागद त्यांनी काकूंच्या हातात ठेवला. काकू ढसाढसा रडल्या. "अगं, रडतेस काय? निर्दोष सुटलो ना मी!"

त्यानंतर दोन वर्षं काढली त्यांनी, आणि मजेत काढली. पहिली गाठ काही सापडली नाही. संध्याकाळी फिरून आले की स्वतःच उंबरठ्यावर आ करून उभे राहायचे. काकू लाजून म्हणायच्या, "चला, पुरे झालं!"

एका सकाळी मी गेलो, तर काकांचा चेहरा पांढराफटक होता. काकू खाटेवर वाकल्या, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं, आणि श्वास नाकाला लागतोय का ते पाहत कितीतरी वेळ तशाच राहिल्या.