मामाचे वर गेलेले हात

नवापूरच्या डोंगरपट्ट्यात माझ्या मामाइतका कडवा लोकशाहीवादी सापडणार नाही आणि त्याच्याइतकी लांबलचक प्रार्थना करणाराही सापडणार नाही. ही दोन्ही खुळं एकाच माणसात कोंबल्याबद्दल मी देवावर अजून रागावलेली आहे. मामा आमच्या पाड्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तर होता. निवृत्त झाला तरी शाळेनं त्याला सोडलं नाही, की त्यानं शाळेला सोडलं नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही. घरात आम्ही सगळे आमची डोंगराकडच्या आदिवासींची कोकणी बोलतो. मामा मात्र बैलाशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलतो. बैल वाटेत आडवा उभा राहिला तर "आपण जरा बाजूला सरकावे," असं म्हणून त्याच्या उत्तराची वाट बघतो. मतदानाच्या दिवशी हा पहाटेपासून शाळेची घंटा हातात घेऊन घरोघरी हिंडतो. एकदा बाळंतिणीच्या दारातही वाजवली. मामीनं त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही, ते बरंच केलं.

देवळातही तीच तऱ्हा. आमच्या चर्चमध्ये उपदेश चालू असताना हात वर करून शंका विचारणारा हा एकटाच. पाळकसाहेब घाम पुसत म्हणायचे, "गुरुजी, उपासना संपल्यावर बोलू." त्यावर मामा म्हणायचा, "शंका आत्ता आली आहे. संपल्यावर ती राहील याची खात्री काय?" चर्चच्या मंडळीचे पंच वर्षानुवर्षं ठरावीक घरांतूनच यायचे. मामानं हट्टच धरला, की निवडणूक घ्या, तीही गुप्त. मडकं ठेवलं, एका उमेदवाराला मका, दुसऱ्याला तूर, असे दाणे टाकायचे. सगळ्या गावाशी भांडून त्यानं ती निवडणूक घडवून आणली, स्वतः उभा राहिला आणि सपाटून पडला. मामीनंही समोरच्याच्या नावानं तूर टाकली होती. मामा मडकं डोक्यावर घेऊन घरी आला तो हसत हसत. "हरलो, पण रीतसर हरलो!" म्हणाला आणि मामीला ती तूर शिजवायला दिली.

अशा माणसाला ज्यांनी फसवलं त्यांचा मला अजून संताप येतो.

मामाचा एक नियम होता. ग्रामसभेत प्रार्थना नाही. गावात येशूला मानणारी घरं आहेत, तशीच देवमोगरा मातेला मानणारीही आहेत. "सभेत माणसांनी यावे. देवांनी आपापल्या घरी थांबावे," असं तो पाळकसाहेबांनाही सुनवायचा. पण गेल्या उन्हाळ्यातल्या सभेत ग्रामसेवकानं गोड बोलून त्याला गाठलं. विषय होता पाड्यावरची शाळा बंद करून पोरांना नाल्यापलीकडच्या शाळेत घालायचा. पावसाळ्यात तो नाला अंगावर येतो. आमची पोरं पलीकडे जायची कशी? मामा त्यावर तासभर बोलायच्या तयारीनं आला होता. ग्रामसेवकानं विषय भराभर वाचला आणि हात जोडून आपल्या अहिराणीत म्हणाला, "मास्तर, शाळाना प्रश्न शे. आज तुमनी प्रार्थना व्हई जाऊ द्या."

मामा विरघळला. सरकारी माणसानं त्याला आजवर प्रार्थना करायला कधी सांगितलं नव्हतं. शाळेसाठी एवढं चालेल, असं त्याला वाटलं असावं. त्यानं डोळे मिटले, गावानं डोळे मिटले, देवमोगरेवाल्यांनीही भिडेखातर मिटले. पाऊस, पिकं, आजारी माणसं, गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं, देशाचे राज्यकर्ते हुद्द्यानिशी, सगळ्यांसाठी मागून झालं. आमच्या मंडळीची रीत अशी, की प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून आमेन म्हणायचं. सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले आणि त्याच क्षणी ग्रामसेवकानं मोबाइलवर फोटो काढला. "सर्वानुमते मंजूर," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

त्या फोटोत सगळ्यात उंच हात मामाचे आहेत.

मग मामा नवापूरला गेला, नंदुरबारला गेला. तिथल्या मिरचीबाजाराचा ठसका खात, खोकत खोकत कचेरीतल्या प्रत्येक टेबलासमोर शुद्ध मराठीत उभा राहिला. प्रत्येक टेबलानं हसत हसत त्याला तोच फोटो दाखवला. "गुरुजी, हे तुमचेच हात ना?" त्या हसण्याला मी कधीच माफ करणार नाही, माफी वगैरे मामानं बघावी. ग्रामसेवक भेटला तेव्हा म्हणाला, "मन्हा काय दोष शे? वरतून आदेश शे." मामानं शत्रूवर प्रीती करायची म्हणून रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घातलं. "प्रभू, त्याला सद्बुद्धी दे," आणि थोडं थांबून, "आणि गडचिरोलीला बदली दे."

शाळेला कुलूप लागलं. पण मामा चिवट. गावाच्या सह्या गोळा करून त्यानं पुन्हा सभा भरवायला लावली. या वेळी प्रार्थना नाही. "डोळे उघडे ठेवा आणि हात वर करा," एवढंच म्हणाला. शाळा परत हवी म्हणून सगळ्या गावाचे हात वर गेले. फोटो आम्ही काढला. त्यात मामाचाही हात आहे, पण जेमतेम खांद्याएवढा. ठराव वर गेला आहे आणि वरून अजून काही आलेलं नाही.

मागच्या रविवारी मी माहेरी होते. पाऊस लागला होता, नाला चर्चमध्ये ऐकू येत होता. प्रार्थना संपली, सगळ्यांचे हात वर गेले. मामा डोळे टक्क उघडे ठेवून, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून उभा होता. त्यानं आमेन म्हटलं, पण हात बाहेर काढले नाहीत. मामीनं हळूच माझ्याकडे बघितलं. "त्या फोटोपासून असंच," म्हणाली. "देव बघतो गं सगळं."

बघत असला तर त्याला हेही दिसलं असेल. शाळा आज ना उद्या आम्ही भांडून उघडू. मामाचे ते हात मात्र कुठल्या टेबलावर मागायचे, मला माहीत नाही.