साडूंचा रोजचा वापर

गाड्यांमधलं आमच्या साडूंइतकं अख्ख्या मराठवाड्यात कुणाला कळत नाही, असं मी आजही कुठल्याही चौकात उभं राहून सांगेन. फक्त त्यांनी स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं असेल तर मी त्या चौकात उभा राहणार नाही. साडू, म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान, लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, हे ते असं शिकवतात की ढ पोरगंसुद्धा जन्मात विसरत नाही. स्वतः ब्रेक लावताना मात्र त्यांचे डोळे मिटतात. कुणाच्याही घरी गेले की यजमानाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते वर स्लॅबकडे बघतात आणि दाराजवळची खुर्ची धरतात. आमच्या नांदेडच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं नवीन पीओपी दाखवायला लागलो, तर म्हणाले, "बेस हाय साडूभाऊ. जिना कुण्या बाजूला?" आपली जुनी गाडी ते कधी भिंतीजवळ लावत नसत, इमारतीच्या सावलीत तर नाहीच. तोंड रस्त्याकडे आणि वर मोकळं आभाळ, अशीच जागा हवी. क्लासच्या भागात होस्टेलं, मेसचे डबे आणि पोरांच्या स्कुट्या यांच्या गर्दीत अशी जागा मिळणार कुठून? त्यामुळे गाडी ते इतक्या लांब लावायचे की तिथून क्लासपर्यंत ऑटोनं यावं लागे.

या सगळ्याला आम्ही हसायचो, पण जपून. साडूंचं गाव औशाच्या पुढे. भूकंप झाला तेव्हा ते बारावीला लातुरात खोली करून होते. आई त्या पहाटे अंगणात होती. वडील आत होते. पुढे गाव नव्या जागी वसलं, पक्कं सिमेंटचं घर मिळालं, आणि आईनं त्या घरात ज्वारी ठेवली. स्वतःची बाज अंगणात टाकली, पावसापुरती वर ताडपत्री. नंतर क्लास जोरात चालायला लागल्यावर साडूंनी लातुरात घर बांधलं आणि एकेका कॉलमसाठी इंजिनिअरला भंडावून सोडलं. वास्तुशांतीला आई आली, पोटभर जेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत निघाली. "घर लई चांगलं हाय," जाताना म्हणाली, "पन जड हाय." आईला लातुरात कसं आणायचं, हा एकच प्रश्न साडूंना सुटत नव्हता. शेवटी त्यांनी तो गाडीनं सोडवायचं ठरवलं. लातूरच्या घराला बाज टाकण्यापुरतं अंगण नव्हतं, तेव्हा दिवसा आई ओट्यावर बसेल आणि रात्री फाटकाबाहेर उभ्या गाडीत निजेल. "रोजच्या वापराला कोणती बरी, साडूभाऊ?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं, तेव्हा या माणसाचा रोजचा वापर म्हणजे आईची झोप, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही मी ॲव्हरेज सांगत बसलो.

त्याला कारण होतं. माझ्याकडे ज्या कंपनीची गाडी होती, त्याच कंपनीची एक भारीतली बहीण वेगळ्या नावानं, वेगळ्या शोरूममध्ये विकायला होती. इंजिन म्हणे तेच, थाट तेवढा वेगळा. मेहुणीच्या मनात ती भरली होती. साडूंनी ती घेतली तर काय होणार, ते मला स्वच्छ दिसत होतं. कंधारला सासुरवाडीच्या दारात दोन गाड्या उभ्या राहणार. थोरला जावई म्हणून पहिलं ताट माझं, पण सासरेबुवा पाहुण्यांना हाताला धरून नेणार ते दुसऱ्या गाडीकडे. आमची बायको तर बोलूनही गेली, "आम्ही दोघी एकाच घरच्या. तिला टॉप मॉडेल मिळालं, मला बेसिक." तिला गाडीबद्दल बोलायचं होतं असं ती अजून म्हणते. मग मी त्या भारीतल्या गाडीविरुद्ध प्रचारच सुरू केला. अहमदपूरच्या रस्त्याला तिचं पोट घासतं, लोह्याच्या बाजारात ती वळत नाही, एक आरसा फुटला की हैदराबादेहून यायची वाट बघा. बँकेत एवढ्या तळमळीनं मी कधी काम केलं नव्हतं. साडू सगळं शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "ते ठीक हाय. पाय लांब करता येतात का?"

आधी आम्ही नांदेडला माझ्या गाडीच्या शोरूममध्ये गेलो. साडूंनी चपला खाली काढल्या, मागच्या सीटवर डाव्या कुशीवर आडवे झाले आणि डोळे मिटले. टायवाला सेल्समन पाणी घेऊन धावत आला. "सरांना चक्कर आली का?"

"नाही," मी म्हटलं, "टेस्ट ड्राइव्ह चालू आहे."

"सीट सपाट हाय," साडू आतून म्हणाले. "झोप लागून राहिली होती, तुम्ही उठवलं."

मग त्या भारीतल्या बहिणीसाठी हैदराबाद गाठलं. शोरूम कसलं, लग्नाचं कार्यालयच. तिथल्या लोकांनी आम्हाला कॉफी दिली आणि गाडी बाहेर आवारात काढून दाखवली. साडू आडवे झाले आणि लगेच कंबर धरून उठले. मागं दोन ऐसपैस खुर्च्या आणि मधे उंचवटा. "ही बसायची गाडी हाय, साडूभाऊ. निजायची न्हाई." मला इतका आनंद झाला की मी दुसरी कॉफी मागितली. तेवढ्यात तिथल्या सेल्समननं, सरांना आणखी एक गंमत दाखवतो म्हणून, एक बटण दाबलं. छत आपोआप मागं सरकलं आणि साडूंच्या तोंडावर आभाळ आलं. ते परत हळूच आडवे झाले, कमरेचं काय व्हायचं ते होवो म्हणून. बराच वेळ वर बघत राहिले. उठले तेव्हा डोळे ओले होते. "हीच घेऊ," म्हणाले. "आईला आभाळ दिसंल." मी दुसरी कॉफी तशीच परत दिली.

तरी आईला सांगितल्याशिवाय ते बुकिंग करणार नव्हते. रविवारी माझ्याच गाडीनं आम्ही गावी गेलो. आई बाजेवर बसून डाळ निवडत होती. साडूंनी सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि लेकाच्या समाधानासाठी माझ्या गाडीत जाऊन आडवी झाली. सासुरवाडीतली माझी अब्रू डोळ्यांपुढे येऊन मी मनात देवाला म्हणत होतो, हिला इथंच झोप लागू दे.

"बरी हाय की पाव्हणं तुमची गाडी," ती म्हणाली. "पन हिला बी वर झाकन हायच."

"त्या दुसरीचं झाकण उघडतं, आई!" साडू एकदम खाली वाकून म्हणाले. "बटन दाबलं की सगळं उघडं. आभाळच दिसतं."

आई उठून बसली. लेकाकडे अशी बघायला लागली, की एवढं शिकलेलं पोरगं आणि याला झालं तरी काय. "उघड्यावरच निजायचं तर मंग आंगन काय वाईट हाय रे, लेकरा?"

फिजिक्सवाले साडू माझ्याकडे बघायला लागले, आणि मी तर बँकवाला. आई खाली उतरली, परत सूप घेतलं. "मला कशाला न्हेतो," डाळ पाखडत म्हणाली. "तूच येत जा की."

साडूंनी नंतर मुकाट्यानं माझ्यासारखीच गाडी घेतली, रंगसुद्धा तोच. संध्याकाळची बॅच दुसऱ्या सरांना दिली आणि रोज गावी जायला लागले. अंगणात आईच्या बाजेशेजारी दुसरी बाज पडली. सकाळी पहिल्या बॅचला लातुरात हजर. मेहुणी आधी रुसली, मग शनिवारी तीही जायला लागली. रोजच्या जाण्यायेण्यानं ब्रेक लावताना साडूंचे डोळेसुद्धा उघडे राहायला लागले. कंधारला आमच्या दोन सारख्या गाड्या दारात उभ्या राहिल्या, आणि सासरेबुवा पाहुण्यांना हाताला धरून माझ्याच गाडीपाशी घेऊन गेले. साडूंची समजून.

अशी बरीच वर्षं गेली. परवाच्या हिवाळ्यात आई गेली. सकाळच्या उन्हात, बाजेवर बसल्या बसल्या. काही महिन्यांनी मी लातूरला गेलो तेव्हा साडू फाटकाबाहेर गाडीची काच पुसत होते. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी मोठ्या मनानं म्हटलं, "सर, आता ती भारीतली घेऊन टाका. मी एका शब्दानं आडवा येणार नाही."

"घेतली असती हो," ते म्हणाले. "पण रोज कुठं जाऊ?"

त्यांनी फडकं पिळून फाटकावर वाळत घातलं. संध्याकाळ व्हायला आली होती, त्यांची निघायची वेळ. आम्ही गाडी तिथंच ठेवली आणि चालत चहाला गेलो.